छतापलीकडची क्लॅरिनेट

सोमवारी दुपारी सलून झोपलेलं असायचं. शटर अर्ध्यावर, तिन्ही फिरत्या खुर्च्या दाराकडे पाठ करून, कात्र्या बरणीतल्या निळ्या पाण्यात बुडालेल्या, आणि समोरासमोरच्या भिंतींवरचे पाच आरसे एकमेकांत डोकावत बसलेले. सुट्टीचा दिवस असूनही मालकाचा पाय घरात ठरत नसे. तो मागच्या अंगणात टॉवेल वाळत घाली, वस्तऱ्यांना तेलाचा हात देई, आणि करण्यासारखं काहीच उरलं नाही की मधल्या खुर्चीत बसून स्वतःलाच एक गोल चक्कर फिरवून घेई.

गल्लीत त्याला धाकटा म्हणत. छप्पन्न वर्षांच्या, चाळिशी नाकाच्या शेंड्यावर घसरलेल्या माणसाला धाकटा म्हणणं तसं विचित्रच. पण वरच्या मजल्यावर थोरला राहत होता, तोवर खालच्याची यातून सुटका नव्हती.

थोरला विग बनवायचा. खिडकीशी लाकडी डोकं ठेवून, त्यावर जाळी ताणून, बारीकशा आकड्याने एकेक केस गाठवत बसायचा. एका विगाला महिना जाई. काम मूळ बापाचं. ते हाताशी धरून तो तरुणपणी एका फिरत्या खेळाबरोबर निघून गेला होता. तंबूतल्या नटनट्यांचे विग सांभाळता सांभाळता तिथल्या एका म्हाताऱ्या वादकाकडून क्लॅरिनेट शिकला, आणि वीस वर्षांनी एक लांबट काळी पेटी घेऊन घरी परतला. तेव्हापासून खाली कापलेले लांब केस वर जात आणि वर त्यांचे विग होत. ही घडी कधी मोडली नाही. मोडलं होतं ते बोलणं. अकरा वर्षं दोघा भावांनी एकमेकांशी एक शब्द काढला नव्हता.

भांडण म्हणावं, तर तेही झालं नव्हतं. ताटं आदळली नाहीत, आवाज चढले नाहीत. विहिरीचं पाणी आटावं तसं बोलणं नुसतं आटत गेलं. निरोप पोचवायला धाकट्याची बायको होती.

“त्यांना सांग, लांब केस आलेत. दीड हात भरतील.” एकेकाळचा ‘दादा’ आता ‘ते’ झाला होता.

“त्याला सांग, रंगवलेले असले तर नकोत.”

“मी या घरात सून म्हणून आले होते,” ती जिन्यातच उभी राहून, दोघांनाही ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, “टपालखातं म्हणून नाही.” मग केसांची पुडी वर जायचीच.

अशाच एका सोमवारी सिस्टर आली. ती मोठ्या हॉस्पिटलात नर्स होती. औषधांनी ज्यांचे केस गळून गेलेत अशा बायकांच्या वॉर्डात तिची ड्यूटी असे, आणि त्यांच्यासाठीचे विग न्यायला ती दर पंधरा दिवसांनी सलूनमधून जिना चढून वर जाई. पन्नाशीची, ठेंगणी, चालताना बुटांचा चर्रचर्र आवाज करणारी बाई. त्या दिवशी विगाचा खोका काखेत मारून ती खाली उतरली आणि कसलीशी ओळ गुणगुणत आरशांच्या मधून जाता जाता थबकली. पुन्हा तीच ओळ म्हणाली, जरा मोठ्याने. आरशांनी ती एकमेकांकडे फेकली, झेलली, आणि मग हळूच खाली ठेवली.

“अहो,” ती धाकट्याला म्हणाली, “तुमचं सलून गातं, हे माहीत आहे का तुम्हाला?”

धाकट्याला माहीत नव्हतं. त्याने आजवर तिथे फक्त कात्रीचा आणि राजकारणाचा आवाज ऐकला होता.

मग हकिगत कळली. सिस्टर, एक पोस्टमन आणि एक सुतार मिळून कॅबरे करायचे. कोपऱ्यावरच्या कॅफेत त्यांचा छोटासा कार्यक्रम असे. ते कॅफे गेलं, आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात. तेव्हापासून तिघांनाही जागा नव्हती.

‘कॅबरे’ शब्द ऐकताच मागच्या दारातून धाकट्याच्या बायकोचं डोकं आत आलं. “म्हणजे ते… तसलं?”

“तसलं नाही हो वहिनी. गाणं, गप्पा, थोडा नाच, बरीचशी चेष्टा. कपडे सगळे अंगावर. आणि माइक नाही की भोंगा नाही. जे काय ते गळ्यातून आणि लाकडातून.”

धाकट्याने छताकडे पाहिलं. त्याची अडचण तिथे होती. बायको न सांगताच जिना चढून गेली आणि उत्तर घेऊन आली.

“म्हणतात, त्याची जागा, त्याची मर्जी.”

“रागाने म्हणाले?”

“केस ओवताना म्हणाले. केस ओवताना त्यांना रागावता येत नाही, तुटतो.”

पुढच्या सोमवारी चार वाजता शटर पूर्ण वर गेलं. फिरत्या खुर्च्या भिंतीकडून आतल्या बाजूला वळवल्या, वाट बघायचं बाकडं मधे आलं, शेजारपाजारच्या घरांतून स्टुलं आली. पंचवीस माणसं जेमतेम मावली. पण आरशांनी त्यांची अडीचशे केली. पोस्टमनने गिटार मांडीवर घेतली. चाली त्याच्याच. “दिवसभर चालतो, म्हणून चाली सुचतात,” हा त्याचा ठरलेला विनोद, आणि त्यावर सगळ्यांत आधी तोच हसायचा. सुताराचा बास, उभ्याने वाजवायचं जाड तारांचं वाद्य, माणसापेक्षा उंच. मोडक्या कपाटाच्या फळ्यांतून त्याने तो स्वतः घडवलेला. त्याच्या तारेला बोट लावलं की कुणीतरी झोपेत कूस बदलून हुंकार द्यावा, तसा आवाज येई.

आणि सिस्टर. गडद हिरव्या चमकीच्या झग्यात ती मागच्या खोलीतून बाहेर आली तेव्हा धाकट्याने तिला ओळखलंच नाही. बुटांचा चर्रचर्र नव्हता. ती अनवाणी होती. मधल्या खुर्चीत ती अशी बसली की जणू गिऱ्हाईकच, मग उठून त्याच खुर्चीतल्या एका अदृश्य नवऱ्याची दाढी करू लागली. फेस लावला, गाल ताणला, वस्तरा फिरवत त्याच्या एकेक भानगडीची चौकशी केली. नवरा काय उत्तर देत असेल ते पोस्टमन गिटारवर सांगत होता, इथून तिथून खोटं बोलणारी गिटार. बाकड्यावरच्या बायका डोळे पुसून पुसून हसल्या. मग हसू ओसरायच्या आतच तिने खुर्ची हळूच फिरवली आणि गाऊ लागली:

खिडकीपाशी ठेव खुर्ची, दिवा नको लावू,
ओळखीचा वारा आला, तर ओळख नको दावू…

धाकटा टॉवेलच्या कपाटाला टेकून उभा होता. सलूनमध्ये पहिल्यांदाच त्याच्या हातांना काही काम नव्हतं, आणि ते त्याला परक्यासारखे वाटत होते. संध्याकाळचं ऊन आरशातून आरशात जाऊन छतावर पोचलं होतं आणि तिथे पाण्यासारखं हलत होतं. वर, त्या हलत्या उजेडाच्या वर, आकडा आणि जाळी घेऊन एक माणूस बसला असेल, हे त्याच्या मनातून जाईना.

असे चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारी ते घडलं.

सिस्टर तेच गाणं म्हणत होती. दुसरं कडवं संपलं, पोस्टमन पुन्हा सुरुवातीकडे वळत होता, आणि त्या मधल्या श्वासात वरून एक सूर आला. आधी वाटलं, पाण्याचा नळ असेल. मग तो सूर वाकला, लांबला, खाली उतरत उतरत गाण्याच्या पायरीवर येऊन थांबला. लाकडी तक्तपोशीतून गाळून आल्यामुळे त्याला धार नव्हती. धुक्यातून कुणी नावाने हाक मारावी, तसा तो होता.

पंचवीस माना वर झाल्या. आरशांत अडीचशे.

सिस्टर थांबली नाही. ती फक्त बाजूला सरली, गर्दीत एखाद्याला बसायला जागा करून द्यावी तशी तिने गाण्यात जागा करून दिली, आणि क्लॅरिनेट तिथे येऊन बसली. कडवं दोघांनी मिळून संपवलं. टाळ्या झाल्या तेव्हा सिस्टरने छताकडे बघून झगा चिमटीत धरला आणि लवून नमस्कार केला.

“आधी ठरलेलं दिसतंय,” कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

धाकट्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपाटातल्या घड्या घातलेल्या टॉवेलांची पुन्हा घडी घालत होता.

त्यानंतर दर सोमवारी छताचा वाटा ठरूनच गेला. सिस्टर त्याच्याशी गप्पा मारू लागली.

“वरच्या मजल्यावरचे गृहस्थ, ऐकू येतंय का?”

दोन सूर. हो.

“खाली या की. चहा आहे.”

एक लांब, खाली घसरणारा सूर. त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही, खोली हसून हसून लोटपोट झाली. “लाजरे आहेत,” सिस्टर म्हणाली, आणि वरून एक चिडका चीत्कार आला, त्यावर पुन्हा हशा. लोक आता छताखालची जागा पकडायला लवकर येऊ लागले. काही तर डोळे मिटूनच बसत. बाहेर पडताना एका म्हातारीने धाकट्याला विचारलं, “वर कोण राहतं हो?” आणि तो म्हणाला, “माझा भाऊ.” एवढंच. पण तो शब्द त्या संध्याकाळी त्याच्या तोंडात गोळीसारखा विरघळत राहिला.

त्याला झोप लागेनाशी झाली होती. हजामत करताना हात सावध असत, मन मात्र जिना चढून दाराशी जाऊन उभं राही. कारण त्या क्लॅरिनेटचा आवाज या घरात शेवटचा कधी झाला होता, ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

अकरा वर्षांपूर्वी आई वरच्या खोलीत आजारी होती. थोरला रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून अगदी हळू, फुंकर घातल्यासारखी क्लॅरिनेट वाजवायचा. आईची बोटं चादरीवर ताल धरत. त्या दिवशी धाकटा दिवसभर उभा राहून, चार दिवसांच्या जागरणाने लालबुंद डोळे घेऊन वर आला होता. डॉक्टर म्हणाले होते, विश्रांती हवी. तो दारातूनच म्हणाला, “बंद कर ते. झोपू दे तिला.” थोरल्याने वाद्य खाली ठेवलं. सूर अर्ध्यावर राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे आई गेली.

पेटी पलंगाखाली गेली ती गेलीच. थोरला काही बोलला नाही, आणि तो बोलला नाही म्हणूनच धाकट्याला सगळं ऐकू आलं: तूच तिच्या तोंडचा शेवटचा घास काढून घेतलास. अकरा वर्षं तो हेच वाक्य ऐकत होता, आणि ते एकदाही कुणी उच्चारलं नव्हतं.

आठव्या की नवव्या सोमवारी सिस्टरचा कार्यक्रम संपला, लोक चपला शोधू लागले, तेव्हा वरून पुन्हा सूर सुरू झाले. गाण्यातले नव्हते. अगदी हळू, फुंकर घातल्यासारखे. धाकट्याने ते दोन सुरांतच ओळखले. तो होता तसा, अंगावर एप्रन आणि पायांत काही नाही, रस्त्यावर निघून गेला. चौकापर्यंत गेला, बेकरीच्या काचेसमोर उभा राहिला, आतल्या पावांकडे बघत. परत आला तेव्हा सगळं शांत होतं, आणि बायको स्टुलं एकात एक रचत होती.

“संपवलं का त्याने?” त्याने विचारलं.

“काय?”

“जे वाजवत होता ते.”

“अर्ध्यात सोडलं,” ती म्हणाली.

पुढच्या सोमवारी छत गप्प राहिलं. सिस्टरने हाक मारली, उत्तर नाही. तिने हसून वेळ मारून नेली, पण गाताना तिने जी जागा मोकळी ठेवली ती शेवटपर्यंत मोकळीच राहिली, आणि पोस्टमनला ती गिटारने भरावीशी वाटली नाही. त्याच्याही पुढच्या सोमवारी तेच.

“भाऊजी जेवणही अर्धंच परत पाठवतायत,” बायको म्हणाली. “मऊ मऊ तेवढं खातात. विचारलं तर तोंडावर हात ठेवून मान हलवतात. अहो, मी आता निरोप नेणार नाही. हे सूपचं भांडं आहे, हा जिना आहे.”

जिन्याला चौदा पायऱ्या होत्या. लहानपणी तो त्या तीन उड्यांत उतरायचा. आता एकेका पायरीवर त्याला काहीतरी आठवत होतं आणि सूप हिंदकळत होतं. मनातल्या मनात त्याने अकरा वर्षांत कितीतरी भाषणं तयार केली होती, काही माफीची, काही चांगलीच खरमरीत. दार लोटलेलं होतं. आत खिडकीशी सहा लाकडी डोकी ओळीने उभी होती, अर्ध्या केसांची, पाव केसांची, एक पूर्ण टक्कल. त्यांच्यामधे थोरल्याचं डोकं सातवं. किती पांढरं झालं होतं! हे केस आपण कापायला हवे होते, असं त्याला उगाचच वाटलं. अकरा वर्षं हा माणूस दुसऱ्या कुठल्या सलूनमध्ये जात होता?

“काय झालं?” तो म्हणाला. एकही भाषण आठवलं नाही.

थोरल्याने मूठ उघडली. तळहातावर एक दात होता.

“शमोरचा,” थोरला म्हणाला. आणि स्वतःचाच आवाज ऐकून इतका ओशाळला की त्याने पुन्हा तोंडावर हात ठेवला.

धाकटा बघत राहिला. मग त्याला हसू फुटू लागलं. त्याने दाबायचा प्रयत्न केला; सूप सांडलं. थोरल्याने आधी डोळे वटारले, मग त्याच्या हाताआडून एक फुसकन आवाज झाला. दोघे म्हातारे त्या लाकडी डोक्यांच्या मधे हसत सुटले.

“क्लॅरिनेटला वरचे दात टेकवावे लागतात,” थोरला श्वास गोळा करत म्हणाला. “तिथेच खिंडार पडलं तर वारा नुशता गळतो. दोन दिवश प्रयत्न केला.”

मग हसू थांबलं आणि खोलीत जे होतं ते दिसू लागलं. कोपऱ्यातला पलंग. त्यावरची चादर.

“दादा,” धाकटा म्हणाला, “त्या दिवशी मी ‘बंद कर’ म्हणालो.”

“म्हणालाश.”

“मला वाटलं, तिला झोप…”

“तू खाली गेलाश,” थोरला म्हणाला. बोलताना तो लाकडी डोक्याकडे बघत होता, एक सुटलेला केस पुन्हा पुन्हा मागे सारत. “तू गेल्यावर तिने डोळे उघडले. म्हणाली, का थांबलाश? वाजव की. आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, तुझ्या लाडक्याला विचार. फुगून बशलो होतो. पन्नाशी उलटलेला माणूश, लहान पोराशारखा. तिने पुन्हा मागितलं नाही.”

खाली रस्त्यावरून सायकलची घंटी गेली.

“म्हणजे तू माझ्यावर…”

“तुझ्यावर कशाला? तुला काय तोंड दाखवू, हेच कळेना. आणि मग तू ‘त्यांना शांग’ म्हणायला लागलाश.”

धाकटा पलंगावर बसला. अकरा वर्षं ज्या वाक्याखाली तो वाकून चालत होता, ते कुणी बोललंच नव्हतं. त्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटला तो राग, साधा, भाबडा राग.

“अकरा वर्षं लागली हे सांगायला?”

“तू वर आला नाहीश.”

“तू खाली आला नाहीस!”

“हळू बोला,” जिन्यातून बायकोचा आवाज आला. ती किती वेळ तिथे उभी होती कोण जाणे. आवाज भिजलेला होता, पण शब्द नेहमीचेच. “आणि एकदा काय ते ठरवून सांगा. टपालखातं बंद करू का मी?”

गल्लीतले दातांचे डॉक्टर दर सोमवारी कार्यक्रमाला बाकड्याच्या टोकाला बसायचेच. त्यांनी थोरल्याच्या तोंडात टॉर्च मारली आणि म्हणाले, तीन आठवडे. ते तीन सोमवार थोरला खाली येऊन बसला. धाकट्याने त्याला पहिल्या फिरत्या खुर्चीत बसवलं. त्याआधी त्याचे केस कापले, दाढी केली, मानेवरून ब्रश फिरवला. सिस्टरने त्याला पाहिलं आणि भर कार्यक्रमात गाणं थांबवून म्हणाली, “मंडळी, छत खाली उतरलंय.” लोक उठून उभे राहिले. थोरल्याने तोंड मिटून, भुवया उंचावून मानवंदना स्वीकारली.

चौथ्या सोमवारी नवा दात चमकत होता. थोरला सिस्टरच्या शेजारी, आरशांच्या मधोमध उभा राहिला आणि वाजवू लागला.

ते नीट जमलं नाही. चुकत कुठेच नव्हतं. पण पाच आरशांमधे क्लॅरिनेट टोकदार झाली, कानाला बोचू लागली. फुंकरीचा आवाज, बोटांखालच्या चाव्यांची टकटक, सगळं उघडंवाघडं ऐकू येत होतं. इतके दिवस धुक्यातून येणारी हाक आता तोंडासमोर उभी राहून पत्ता विचारत होती. लोकांनी टाळ्या भरपूर वाजवल्या, आणि त्या भरपूर होत्या म्हणूनच थोरल्याला काय ते कळलं.

लोक गेल्यावर त्याने वाद्याचे तुकडे सुटे करत विचारलं, “वरूनच बरं लागायचं. नाही?”

धाकट्याला खोटं बोलायचं होतं. पोस्टमन, सुतार, सिस्टर सगळे आपापल्या पायांकडे बघत होते.

“लाकडाची गाळणी चांगली आहे तुमच्या घराला,” शेवटी सुतार म्हणाला. “मी बनवूनही अशी बनणार नाही.”

थोरल्याने सुटे तुकडे पेटीत ठेवले. मग म्हणाला, “मी कुठल्या मजल्यावर उभा आहे, याच्याशी गाण्याचं काय देणंघेणं? पण चहा मी खालीच पिणार.”

म्हणून आता सोमवारी थोरला वरूनच वाजवतो. जिन्याचं दार मात्र सताड उघडं असतं, आणि मध्यंतरात तो खाली येऊन छतावरच्या माणसाची सगळ्यांदेखत नालस्ती करतो. लोकांना ते गाण्याइतकंच आवडतं.

परवाच्या सोमवारी गाणी सुरू व्हायच्या वेळेला धाकटा नेहमीसारखा टॉवेलच्या कपाटाला टेकून उभा होता. वरून हाक आली.

“अरे, जरा वर ये.”

“आता? कार्यक्रम सुरू होतोय.”

“म्हणून तर.”

तो गेला. थोरला खिडकीपासून दोन हात आत उभा होता, क्लॅरिनेट छातीशी धरून. “चपला काढ,” तो म्हणाला. “इथे उभा राहा. नाही, अजून अलीकडे. या फळीवर.”

धाकट्याने तळपाय फळीवर ठेवले. खाली सुताराने पहिली तार छेडली असावी. ती कानाआधी त्याच्या टाचांना कळली. लाकूड मांजरासारखं गुरगुरलं. मग गिटार आली, बारीक, पाण्याच्या तळाशी कुणी खडे मोजावेत तशी. आणि मग सिस्टरचा आवाज. शब्द कळत नव्हते. खाली तीस माणसं आहेत, खुर्च्या आहेत, आपलं रोजचं सलून आहे, हे त्याला खरंच वाटेना. वाटत होतं की घराखाली एक आख्खं गाव आहे, ते कधीच झोपत नाही, आणि ते वरच्या माणसांसाठी नाही, स्वतःसाठीच गातंय.

“दर सोमवारी हेच ऐकत होतास?” त्याने कुजबुजत विचारलं.

“चार सोमवार नुसता उभा होतो,” थोरला म्हणाला. “पाचव्याला राहवलं नाही.”

पहिलं कडवं संपत आलं होतं. खिडकीतून कलतं ऊन लाकडी डोक्यांवरून सरकत होतं, त्यांच्या अर्ध्यामुर्ध्या केसांत सोनेरी धागे चमकत होते. थोरल्याने वाद्य ओठांना लावलं, नवा दात टेकवला, डोळे मिटले. धाकटा पायांखालच्या त्या गुरगुरणाऱ्या फळीवर, श्वास रोखून, गाण्यातली ती मोकळी जागा केव्हा येते त्याची वाट बघत उभा राहिला.